कंसामागील उणे

आयर्लंडच्या राजधानीत, लिफी नदीच्या दक्षिण तीरावर, डॉडर ही छोटी नदी जेथे तिला येऊन मिळते त्या मुखानजीक ग्रँड कॅनाल डॉक नावाची जी विस्तीर्ण गोदी आहे, ती विल्यम जेसप या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली बांधून १७९६ साली वाहतुकीस खुली झाली, तेव्हा देशाच्या अंतर्भागातून कालव्याने येणारा माल समुद्रगामी जहाजांवर चढविण्याची सोय व्हावी हाच तिचा हेतू होता. पुढे रेल्वे आली, कालव्याचा व्यापार ओसरला, काठावर गॅसचे कारखाने उभे राहिले आणि बंदही पडले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र या पाण्याच्या कडेने गूगलसारख्या कंपन्यांची दप्तरे थाटली गेली असून, त्या दप्तरांत आणि त्यांच्या आसपासच्या लहानमोठ्या कचेऱ्यांत चाकरी करणारी कितीतरी मराठी माणसे आता सहकुटुंब डब्लिनकर झाली आहेत.

या कुटुंबांतील मुले बाराव्या-तेराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जातात आणि तेथे त्यांची बीजगणिताशी पहिली गाठ पडते. मुलगा अडला की वडील पेन घेऊन शेजारी बसतात, आणि मग डब्लिनमधील त्या टेबलाशी तेच वाक्य उच्चारले जाते जे सांगलीच्या, साताऱ्याच्या किंवा गोंदियाच्या शिकवणीवर्गात पिढ्यान् पिढ्या उच्चारले जात आहे: ‘कंसाआधी उणे असेल तर आतली चिन्हे बदलायची.’ का बदलायची, हे मूल विचारीत नाही, कारण विचारले तर ‘नियम आहे’ एवढेच उत्तर मिळते हे त्याला ठाऊक असते. दिवसभर गणितावर चालणाऱ्या यंत्रांशी संसार करणाऱ्या सुविद्य गृहस्थाने सायंकाळी आपल्या अपत्यास एखाद्या मामलेदाराच्या थाटात विनाकारण हुकूम फर्मावावा, ही विसंगती मला अलीकडे फार खटकू लागली आहे. बहुपदींची वजाबाकी ही बीजगणितातील बहुधा सर्वांत सुगम क्रिया होय, आणि तीच आपण एका मंत्राच्या स्वाधीन करून अकारण दुर्बोध केली आहे, असे माझे मत आहे.

मंत्राने काय होते ते एका उदाहरणावरून पाहू. ५क्ष² + ३क्ष − ४ या बहुपदीतून २क्ष² − ७क्ष + ६ ही बहुपदी वजा करावयाची आहे. मूल पहिली राशी लिहिते, उणे चिन्ह देते, दुसरी राशी उतरविते आणि ‘चिन्ह बदला’ हा हुकूम पहिल्या पदापुरताच अमलात आणून पुढे निघून जाते. परिणामी उत्तर येते ३क्ष² − ४क्ष + २. बरोबर उत्तर आहे ३क्ष² + १०क्ष − १०. या चुकीला शिक्षक ‘निष्काळजीपणा’ म्हणतात, परंतु मला ती निष्काळजीपणाची वाटत नाही. कंस म्हणजे संपूर्ण राशीची एक मोट असून त्या मोटेतील प्रत्येक पद पहिल्या राशीतून काढावयाचे आहे, ही गोष्टच मुलाच्या मनात कधी उतरलेली नसते. त्याच्या लेखी ते उणे चिन्ह शेजारच्या पदाला चिकटलेले एक टिंब असते, आणि शेजारधर्म पाळून ते त्या एकाच पदाची विचारपूस करते.

दुसरी चूक याहून मूलगामी आहे. कोणी ३क्ष² आणि १०क्ष यांची बेरीज करून १३क्ष³ असे लिहिते. येथे चिन्हाचा प्रश्न नाही, जातीचा आहे. पूर्वीच्या सावकारी पेढीवर कीर्दीतल्या नोंदी खतावणीत ज्या त्या असामीच्या खात्यावर चढविल्या जात, आणि बाकी काढताना एका खात्याचे नावे दुसऱ्या खात्याच्या जमेतून कोणी वळते करीत नसे. केलेच तर रुजुवातीच्या वेळी कारकुनाला जाब द्यावा लागे. बहुपदी ही अशीच खतावणी आहे. क्षवर्गाचे खाते निराळे, क्षचे निराळे, निव्वळ संख्येचे निराळे. आपल्या सातवीच्या पुस्तकात ज्यांना सरूप पदे म्हटले आहे ती एका खात्याची पदे होत, आणि वजाबाकी म्हणजे खातेवार बाकी काढणे, याहून अधिक त्यात काहीही नाही.

ही दृष्टी आपल्याला परक्यांकडून उसनी आणावी लागत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी रचला. त्याच्या बीजगणित या भागात अव्यक्त राशींच्या बेरीज-वजाबाकीचा नियम देताना त्यांनी सांगितले आहे ते इतकेच की, समान जातीच्या राशींचा योग किंवा अंतर करावे आणि भिन्न जातीच्या राशी पृथक् ठेवाव्यात. पहिल्या अव्यक्ताला यावत्तावत् म्हणावे, पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे द्यावीत, लिहिताना आद्याक्षरे वापरावीत, व्यक्त संख्येपुढे ‘रू’ लिहावे, आणि जी राशी ऋण असेल तिच्या माथ्यावर बिंदू द्यावा, अशी ती पद्धत. काळ्यातून निळे वजा होत नाही हे कोणत्याही मुलाला सांगावे लागत नाही. ज्याने अव्यक्तांना रंगांची नावे देण्याचे मनात आणले किंवा ती परंपरा पत्करली, त्याला अध्यापनाची जाण होती असे मी धरून चालतो. ऋण म्हणजे कर्ज व धन म्हणजे मत्ता ही परिभाषा तर त्याहूनही जुनी; ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन, ऋण आणि शून्य या तिहींच्या परस्परव्यवहाराचे नियम घालून दिले, त्यांत ऋण वजा केले असता ते धन होते हाही होता.

खानदेशात चाळीसगावाजवळ पाटणे येथे जो शिलालेख आहे, त्याची हकीकत या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन अखंड चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला आणि त्याच्या योगक्षेमासाठी स्थानिक सत्ताधीशांकडून उत्पन्न मुकरर करून घेतले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेला हा लेख शके ११२८ चा असून त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका डोंगरी गावात बीजगणित शिकविण्यासाठी सरकारी सनदेने तजवीज झाली होती, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्या मठात काय शिकविले जात असेल याची चौकशी मात्र क्वचितच करतो.

नियम सांगून न थांबता त्याची उपपत्ती देणारे टीकाकारही आपल्याकडे झाले. जहांगीर बादशहाच्या काळी वाराणसीस राहिलेला, परंतु ज्याचे घराणे मूळचे विदर्भातील दधिग्रामचे, असा कृष्णदैवज्ञ हा त्यांतला अग्रणी. ‘बीजपल्लव’ या आपल्या टीकेत तो ऋणत्वाचे तीन प्रकार करतो: देशाचे, काळाचे आणि वस्तूचे. देशाच्या ऋणत्वाचे त्याने दिलेले उदाहरण आजच्या कोणत्याही वर्गात जसेच्या तसे वापरता येईल. वाराणसीपासून पट्टण पूर्वेस पंधरा योजने आणि प्रयाग पश्चिमेस आठ योजने आहे असे धरा. पूर्व दिशा धन मानली तर प्रयागचे स्थान उणे आठ. आता या दोन नगरांमधील अंतर काढा, म्हणजे पंधरामधून उणे आठ वजा करा. प्रवाशाला ते तेवीस योजनेच पडणार, सात नव्हे. उण्याचे उणे अधिक का होते याचा हा खुलासा ऐकल्यावर मुलाने चिन्ह बदलण्याचा नियम पाठ करण्याचे कारणच उरत नाही. उपरोक्त उदाहरणात ३क्ष मधून −७क्ष काढताना १०क्ष का आले, हे त्याला या पंधरा आणि आठ योजनांनी दाखविलेले असते.

अंकगणिताच्या तुलनेत ही वजाबाकी सोपी कशी, हे आता सांगतो. ५३४ मधून २७१ वजा करताना मूल दशकाच्या घरात अडते. तीनमधून सात जात नाहीत, म्हणून शतकाकडून हातचा घ्यावा लागतो. याच संख्या बहुपदीच्या वेषात लिहा: ५क्ष² + ३क्ष + ४ मधून २क्ष² + ७क्ष + १ वजा करा. उत्तर ३क्ष² − ४क्ष + ३. कोठेही अडथळा नाही, कोणाकडून उसनवारी नाही. मधल्या खात्यात चाराचे कर्ज झाले ते तसेच कर्ज म्हणून नोंदले. आता क्षच्या जागी दहा घाला: तीनशे उणे चाळीस अधिक तीन, म्हणजे २६३, आणि ५३४ मधून २७१ वजा केल्यास येते ती हीच बाकी. हातच्याची सारी यातायात केवळ एवढ्यासाठी असते की दशकाच्या घरात ऋण अंक लिहिण्याची मुभा आपण ठेवलेली नाही, आणि शिवाय दहा एकक म्हणजे एक दशक हे आपल्याला आधी ठाऊक असते. बीजगणितात क्ष म्हणजे किती हे ठाऊक नाही, सबब एका घरातून दुसऱ्या घरात काही नेताच येत नाही. जे मूल तिसरीत हातचा घेऊन वजाबाकी शिकले, त्याला आठवीत याहून सोपी वजाबाकी अवघड वाटावी, याची जबाबदारी मुलावर कशी टाकता येईल?

पुन्हा त्या गोदीकडे वळू. तिच्या काठावरील भूमीला गणिताचा स्पर्श प्रथमच गूगलमुळे झाला असे समजणे चुकीचे होईल. १९१६ च्या ईस्टरच्या उठावात या परिसरातील बोलंड्स बेकरी ताब्यात घेऊन तेथे जी तुकडी ठाण मांडून बसली, तिचा सेनानी एमन डी व्हॅलेरा हा पेशाने गणिताचा शिक्षक होता; शिक्षिका तयार करणाऱ्या डब्लिनच्या कॅरिसफर्ट महाविद्यालयात त्याने गणित शिकविले होते. पुढे तो देशाचा पंतप्रधान व नंतर राष्ट्राध्यक्ष झाला, तरी त्याचे गणितप्रेम सुटले नाही. १९४० साली डब्लिनला उच्च अध्ययनाची जी संस्था स्थापन झाली ती त्याच्या पुढाकाराने, आणि हिटलरच्या अमलातून निसटलेला पदार्थवैज्ञानिक श्रोडिंगर तेथे आला तो त्याच्याच निमंत्रणावरून. राजकारणात शिरलेले शिक्षक आपल्याकडेही पुष्कळ झाले. त्यांपैकी कितीजणांनी सत्ता हाती आल्यावर आपल्या जुन्या विषयाची आठवण ठेवली, हा प्रश्न मी येथे अनुत्तरितच सोडतो.

याच डी व्हॅलेराने १९५८ साली शहराच्या दुसऱ्या बाजूस, रॉयल कॅनालवरील ब्रूम पुलावर एका स्मृतिफलकाचे अनावरण केले. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीसह त्या कालव्याच्या काठाने चालत असता विल्यम रोवन हॅमिल्टन याला चतुष्टयी संख्यांचे रहस्य एकाएकी उमगले आणि त्याने त्यांचे सूत्र चाकूने पुलाच्या दगडावर कोरले, अशी ती प्रसिद्ध कथा. त्या संख्यांचा गुणाकार विलक्षण आहे, क्रम बदलला तर उत्तर बदलते. सारी कीर्ती त्या गुणाकाराची. परंतु त्यांची बेरीज-वजाबाकी कशी करतात? प्रत्येक संख्येत एक साधा भाग आणि तीन भिन्न जातींची काल्पनिक एकके असतात, आणि वजाबाकी करताना ज्या त्या जातीचे सहगुणक ज्या त्या जातीतूनच वजा केले जातात. एवढ्या क्रांतिकारक शोधातही वजाबाकीचा भाग भास्कराचार्यांच्या काळ्या-निळ्या रंगांपुरताच राहिला.

आणि आता ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहीत आहे त्या गृहस्थांना एक गोष्ट सांगावयाची आहे, जी त्यांच्यातील काहींना निश्चित ठाऊक असेल. गोदीकाठच्या त्यांच्या कचेरीतील तारांमधून माहितीची जी लहान लहान पुडकी क्षणोक्षणी धावत असतात, त्या प्रत्येकाच्या शेपटीला बत्तीस अंकांचा एक पडताळा जोडलेला असतो. संपूर्ण पुडके म्हणजे शून्य आणि एक यांची एक लांबलचक माळ. ती माळ कोणा बहुपदीच्या सहगुणकांची आहे असे मानावयाचे, त्या बहुपदीला पूर्वी ठरविलेल्या बत्तीस घाताच्या, पंधरा पदांच्या एका बहुपदीने भागावयाचे, आणि उरलेली बाकी पाठीमागून पाठवावयाची. स्वीकारणारे यंत्र तोच भागाकार करून पाहते. हिशेब जुळला नाही तर वाटेत काहीतरी बिघडले असे समजून पुडके नामंजूर करते. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन याने १९६१ च्या सुमारास मांडलेली ही युक्ती. हा भागाकार म्हणजे दुसरे काही नसून बहुपदींची पुनःपुन्हा केलेली वजाबाकी होय, समान घाताखाली समान घात मांडून. फरक इतकाच की येथे सहगुणक शून्य किंवा एकच असू शकतात, आणि एक अधिक एक म्हणजे शून्य असा करार असतो. त्यामुळे बेरीज आणि वजाबाकी यांत भेदच राहत नाही, समान पदे भेटली की परस्परांना पुसून टाकतात. हातचा नसल्यामुळे प्रत्येक घराचा निकाल शेजारच्या घराची वाट न पाहता लागतो, आणि यंत्राला ती क्रिया अतिशय स्वस्त पडते. शून्य आणि एक या दोनच मूल्यांवर उभे असलेले बीजगणित ज्याच्या नावाने ओळखले जाते तो जॉर्ज बूल आयर्लंडमध्येच, कॉर्क येथे, १८४९ पासून १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत गणिताचा प्राध्यापक होता, हा योगायोगही नमूद करून ठेवतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल व तो क्षुल्लक नाही. प्रत्येक नियमाची उपपत्ती देत बसलो तर अभ्यासक्रम कधी पुरा होणार, आणि सायकल चालविणाऱ्याला तोल राखण्याचे शास्त्र कोण शिकवितो, असे अनुभवी शिक्षक विचारतात. परीक्षेचा रेटाही खरा आहे. आयर्लंडमध्ये शालान्त परीक्षेत वरच्या पातळीचे गणित घेऊन ठराविक श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास महाविद्यालयीन प्रवेशासाठी २०१२ पासून पंचवीस गुण जादा धरले जातात; आपल्याकडील प्रवेशपरीक्षांची चढाओढ तर सांगावयासच नको. अशा स्थितीत उत्तर लवकर आणणारा मंत्र पालकाला प्रिय वाटला तर नवल नाही. नियमाला माझा विरोधही नाही. भास्कराचार्यांनीही नियम श्लोकातच बांधला. तक्रार आहे ती क्रमाविषयी. कारण आधी कळले की नियम त्याचा संक्षेप म्हणून आपोआप तोंडी बसतो, आणि विसरला तरी पुन्हा घडविता येतो. नियम आधी घोटला तर कारण ऐकण्याची मुलाची इच्छाच मरते. शिवाय वेळ वाचतो हेही मला मान्य नाही. एकाच प्रकारची चूक सातवीत, आठवीत, नववीत आणि दहावीच्या वर्गसमीकरणांतही दुरुस्त करीत बसण्यात जो काळ जातो, त्याचा ताळेबंद कोणी मांडीत नाही.

उपाय मोठे नाहीत. महाराष्ट्राच्या नववीच्या पुस्तकात बहुपदी सहगुणक रूपात लिहावयास शिकवितात, म्हणजे चल वगळून केवळ सहगुणक क्रमाने मांडावयाचे आणि जो घात अनुपस्थित असेल त्याच्या जागी शून्य लिहावयाचे. ही उत्कृष्ट रीत नववीपर्यंत राखून ठेवण्याचे प्रयोजन मला समजलेले नाही. ती सातवीतच, वजाबाकीच्या पहिल्या धड्यात यावयास हवी. ७क्ष³ + २क्ष² + १ मधून ४क्ष³ − ५क्ष वजा करताना मुले गोंधळतात, कारण दोन्ही राशींत पदे सारखी नाहीत. तेच (७, २, ०, १) खाली (४, ०, −५, ०) असे मांडले की (३, २, ५, १) हे उत्तर समोर येते, आणि रिकाम्या खात्यातून पाचाचे कर्ज वजा केले तर पाच जमा होतात हेही दिसते.

दुसरे असे की पडताळा घेण्याची सवय लावावी. क्षच्या जागी एक घालून पाहणे ही सर्वांत सोपी तपासणी. पहिल्या उदाहरणात मूळ राशींच्या किमती चार आणि एक, अंतर तीन, आणि बरोबर उत्तराची किंमतही तीनच. चुकीच्या उत्तराची मात्र एक. पण जाणत्या पालकाने येथे थोडे सावध राहावे. एक या संख्येचे सर्व घात एकच असल्याने क्षच्या जागी एक घालताच साऱ्या खात्यांचा भेद पुसला जातो, आणि म्हणून ३क्ष² + १०क्ष ऐवजी १३क्ष³ लिहिणारा मुलगा या तपासणीतून निर्दोष सुटतो. त्याला दोनच्या न्यायासनापुढे उभे करावे लागते: दोन घातले असता मूळ राशींचे अंतर बावीस येते, आणि त्याचे १३क्ष³ − १० हे उत्तर चौऱ्याण्णव सांगते.

तिसरी सूचना परीक्षामंडळांना आहे. वजाबाकी करून दाखवा, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. त्याच्या जोडीला एखादे वर्षी पूर्ण सोडविलेले पण चुकलेले उदाहरण द्यावे आणि चूक कोणत्या पदावर झाली, का झाली, हे दोन वाक्यांत लिहावयास सांगावे, आणि त्या दोन वाक्यांना उत्तराइतकेच गुण ठेवावेत. गुणपत्रिकेत ज्याला स्थान मिळते तेच शिकवणीवर्गात शिकविले जाते, आणि शिकवणीवर्गात जे शिकविले जाते तेच पुढे ग्रँड कॅनाल डॉकच्या टेबलापर्यंत जाते.